तिळीचा डोळा

विमला: पोतं खाली ठेवा आधी, गुणाजी. आणि हिला धरा. मान नको, खांदे धरा. टॉवेलात गुंडाळलीय, ओरबाडणार नाही.

गुणाजी: सिस्टर, मी धरूक नाय इलंय. सेक्रेटरीन सांगितल्यान, मांजराची चारय पिल्लां घे नि खाडीपलीकडे सोडून ये.

विमला: ठाऊक आहे. कालच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर मीच बसले होते. धरा हो, पाणी निवतंय.

गुणाजी: ह्येचे डोळे तर पार चिकाटलेत.

विमला: म्हणून हे मिठाचं कोमट पाणी. घासायचं नाही. ओला कापूस ठेवायचा आणि सुटेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. अठ्ठावीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात हेच केलं मी. तिथले पेशंट शिव्या द्यायचे, ही फिसकारते, एवढाच फरक.

गुणाजी: पण माझी नात घरात हा. माणिकचे डोळे लाल लाल झालेत. पोरांचे डोळे ह्या पिल्लांमुळांच इले, असा सगळे म्हणतत.

विमला: माणिकचे कधी आले?

गुणाजी: सोमवारी.

विमला: आणि इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे ही पिल्लं मला खोक्यात सापडली गुरुवारी. सोमवारी तर तिचा अर्धा वर्ग डोळे चोळत घरी आला होता. गुणाजी, हा मांजरांचा व्हायरस आहे, मांजराकडून मांजराला जातो. माणसाला होत नाही. परळच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी तीनदा विचारलं, शेवटी ते वैतागले.

गुणाजी: मगे हात धुवूक साबण कित्याक ठेवलास?

विमला: एकीचं दुसरीला जाऊ नये म्हणून. हिचं नाव मी तिळी ठेवलंय. हिनं कालपासून काही खाल्लं नाही, त्याचीच काळजी आहे. नाक चोंदलंय. वास आला नाही तर मांजर तोंड लावत नाही.

गुणाजी: बांगड्याचा डोक्या उकडून गरम गरम देवा. वाफ इली की खातली. गावाक आमची आये असाच करी.

विमला: हे मला कुणी सांगितलं नव्हतं. करून बघते.

गुणाजी: ह्यो डावो डोळो असो पांढरो कित्याक?

विमला: मला सापडली तोवर उशीर झाला होता. बुबुळावरचा व्रण फुटलाय. डॉक्टर म्हणतात, डोळा काढायला लागेल. मंगळवारची वेळ दिलीय. तिथेच माझं अडलंय बघा. धुणं, मलम, सगळं येतं मला. पण एका डोळ्याची मांजर, बाहेर रस्ता, कुत्री. काढायचा, की तिला कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगायचं? दोन दिवस ठरत नाही.

गुणाजी: माझ्याकडे बगा. ह्यो उजवो डोळो काचेचो हा.

विमला: पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. विचारलं नाही.

गुणाजी: अठ्ठावन साली कापडमिलमधी साच्यावरचो सूत नेणारो धोटो उडालो, सरळ डोळ्यात. त्येच्यानंतर चोवीस वर्षां मी साचे चालवलंय. मिल गेली ती संपामुळां, डोळ्यामुळां नाय.

विद्याधर: गुणाजी, अजून इथेच? पिल्लं भरलीस की नाही?

गुणाजी: नाय, सायब.

विद्याधर: नाय म्हणजे? विमलाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण सोसायटीत पस्तीस घरं, अकरा घरांत पोरांचे डोळे आलेत. मी सेक्रेटरी आहे, लोक मला धरतात.

विमला: त्या अकरांपैकी एकानं तरी पिल्लाला हात लावलाय? माझं दार बंद असतं. पोरं एकमेकांचा रुमाल वापरतात, विद्याधर. संध्याकाळी सगळ्यांना माझ्या ओट्यावर पाठवा, आयांसकट. डोळे कसे धुवायचे ते दाखवते. पंधरा दिवसांत साथ उतरली नाही, तर कमिटी म्हणेल ते करीन.

विद्याधर: ठराव झालाय ना पण. गुणाजी, तू सोसायटीचा वॉचमन आहेस, विसरू नकोस.

गुणाजी: होय, सायब. माजी नोकरी राखणीची. पिल्लां टाकूची नाय. दुसरो माणूस बगूचो असलो तर बगा.

विद्याधर: तू असं बोलशील वाटलं नव्हतं. बरं, ताई. पंधरा दिवस. सोळावा मी देणार नाही.

विमला: लागणारही नाही. तुमच्या धाकट्याला पहिला पाठवा.

(बारा दिवसांनी. विमलाच्या ओट्यावर.)

गुणाजी: सेक्रेटरीन ठराव मागे घेतल्यान. माणिक शाळेत गेली आज. आता एकाय पोराचो डोळो लाल नाय.

विमला: मला सांगून गेले सकाळी. बाकीची तिन्ही पिल्लंही बरी आहेत. हा व्हायरस अंगातून जात नाही म्हणा, थंडीत डोळे परत पाणावतील. तेव्हा परत धुवायचे.

गुणाजी: नि ह्या तिळीच्या काढलेल्या डोळ्याचे टाके?

विमला: काल काढले. छान भरलंय. खातेय, खेळतेय. पण मधेच अशी गप्प बसते. तुम्हाला माहीत असेल, गुणाजी. दुखत असेल का अजून?

गुणाजी: दुखणा चार दीस. पण त्या बाजूचा काय दिसत नाय ना, मगे उगाच भ्या वाटता. त्या अंगाक कोणी येवन बसला, की बरा वाटता.

विमला: सरका थोडे. मी तुमच्या उजव्या बाजूला बसते.