नथ उजवीकडे

सुरतेत कतारगामच्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या रांगेत पुढच्या दोघी मराठीत बोलताहेत म्हटल्यावर अभिजीतने हातातला पेपर मिटला आणि कान तिकडे लावले. त्यांतल्या मुलीने गुंडाळी उलगडली. लाल-पिवळ्या रंगांत छापलेली एक तरुण बाई निघाली.

“सरांच्या रेखाटनावरून केलंय, काकू. लाकडात कोरून, दर रंगाला वेगळा ठसा.”

“लग्नाच्या वर्षी ह्यांनी मला समोर बसवून काढलं होतं, तेच ना? पण धनश्री, नथ उजवीकडे कशी गं? आपल्यात डावीकडे घालतात.”

“तीच तर चूक झाली. ट्रेसिंग लाकडावर पालथं चिकटवायचं, ते मी सुलटंच चिकटवलं. छापल्यावर डाव्याचं उजवं झालं.”

“सगळ्याच ठशांत?”

“सगळ्याच. तुम्ही म्हणाल तर प्रदर्शनातून काढून घेते. सर असते तर त्यांनी फाडलंच असतं.”

“फाडलंच असतं. आण इकडे.”

“हसताय काय, काकू?”

“अगं, ह्यांच्या चित्रात मला मी कधी सापडलेच नाही. लोक म्हणायचे हुबेहूब, मी आपली मान डोलवायचे. ही मात्र मीच. वेणी घालताना आरशात अशीच तर दिसायचे.”

“मग राहू दे?”

“राहू दे.”

“आणि खाली नाव? सरांनी लिहिलं होतं तेच लिहू, ‘नथवाली’?”

रांग सरकली. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “शुं नाम लखुं, बेन?”

“शकुंतला सबनीस,” काकूंनी सांगितलं आणि मागे वळून धनश्रीला म्हणाल्या, “तूही तेच लिही.”