अर्ध्या चमच्याची चूक

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, ज्यांनी या व्यायामशाळेतल्या निम्म्या लोकांचे दात सांभाळले ते आमचे दातांचे डॉक्टर. व्यासपीठावर, म्हणजे व्यायामाची चार बाकं जोडून वर चादर घातली आहे त्यावर, जपून बसलेले व्यायामशाळेचे मालक. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती मास्तर. समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी. आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला सरकवलेल्या यंत्रांवर बसलेल्या त्यांच्या आया, बायका आणि बहिणी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण करणारी बाई नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले, पुढचं सगळं बोलणं घरातच झालं, आणि तिथे अध्यक्षही मीच असते. मालकांनी मला सांगितलं, "वहिनी, कुटुंबीयांतर्फे पाच मिनिटं बोला. मास्तरांचे गुण सांगा." गुण माझ्याआधीच्या सहा जणांनी सांगून संपवले आहेत. म्हणून मी स्वयंपाकघरातून जे दिसलं तेवढंच सांगणार आहे. ओळखीसाठी सांगते, दुसऱ्या रांगेत कडेला, निळ्या शर्टात, ज्यांनी आत्ताच हात छातीवर बांधले, ते आमचे हे. ते लिफ्ट दुरुस्त करतात.

चार वर्षांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये त्यांना एक जाहिरात दिसली. पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी शरीरसौष्ठव स्पर्धा, नैसर्गिक गट. नैसर्गिक म्हणजे काय, तर औषध नाही, सुई नाही, फक्त खाऊन आणि वजनं उचलून कमावलेलं शरीर. लिफ्ट दीड तासाने सुरू झाली. तोवर यांनी जाहिरात तोंडपाठ केली होती. घरी येऊन म्हणाले, "मला एकदा त्या मंचावर उभं राहायचंय." मी म्हटलं, "राहा की. कपडे कुठले घालणार?" तेव्हा कळलं की कपड्यांचा खर्च जवळपास नाहीच. मग मी हरकत घेतली नाही.

या विद्येचे दोन हंगाम असतात. मुलं त्यांना बल्क आणि कट म्हणतात, मी भरती आणि ओहोटी म्हणते. भरतीत जास्त खाऊन अंग भरायचं, ओहोटीत कमी खाऊन वरची चरबी उतरवायची, म्हणजे खाली जे कमावलं ते दिसतं. ऐकायला किती सोपं आहे. यांना भरती शब्द फार आवडला. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो वाढले आणि पेढीवर व्याज जमा झाल्यासारखे आरशासमोर उभे राहू लागले. मास्तरांनी पोटाचा घेर मोजला आणि म्हणाले, "हे स्नायू नाहीत. हा पाहुणा आहे. जाताना घरातल्या माणसांनाही घेऊन जाईल." नैसर्गिक माणसाने महिन्याला अर्धा किलो वाढलं तरी पुष्कळ, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. आणि ओहोटीत आठवड्याला अर्धा किलो उतरावं, घाई केली तर स्नायूच आधी जातात. "खाणं कमी करा, उचलणं कमी करू नका," मास्तर सांगायचे. "शरीराला कळलं पाहिजे की हा माल अजून लागतो. नाहीतर ते आधी तोच विकून खातं." मी संसार करते. मला हे पटकन समजलं.

वजन रोज सकाळी, पाणी पिण्याआधी. विश्वास मात्र एका दिवसाच्या आकड्यावर ठेवायचा नाही, सात दिवसांच्या सरासरीवर ठेवायचा. खाण्याचा कागद मास्तर लिहून द्यायचे, भात इतके ग्रॅम, डाळ इतकी, अंडी इतकी, तेल अमुक. स्वयंपाकघरातला काटा यांनी माझ्या हाती दिला, कारण मी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नाही अशी माझी ख्याती आहे. वाण्याला विचारा. मी रोजचं सगळं वहीत लिहायची. आठवड्यातून एक दिवस मी देवासाठी उपवास करते, त्याचं कौतुक तीस वर्षांत कोणी केलं नाही. यांनी भाकरी अर्धी केली तर दहा मुलं पाठीवर थाप मारायची. असो.

पहिल्या दोन स्पर्धांना हे तयारच झाले नाहीत. तिसऱ्या वर्षी ओहोटी लागली आणि दुसऱ्या महिन्यात यांची गळ्याखालची हाडं वर आली. इथे तुम्ही सगळे टाळ्या वाजवता. तुमच्या भाषेत त्याला कोरीव म्हणतात. शेजारच्या बाईंनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "अहो, डॉक्टर काय म्हणतात?" माझे वडील शेवटच्या आजारात जायला लागले तेव्हा हीच हाडं अशीच वर आली होती. मी ती रोज जेवताना समोर बघत होते. म्हणून एक दिवस, डाळ उतरवताना, मी तिच्यात एक चमचा तेल जास्त घातलं.

आता मागे बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या, ते मला इथून दिसलं. घाबरू नका, मी फक्त माझ्याबद्दल बोलणार आहे.

एक चमचा दुपारच्या डब्यात, एक रात्रीच्या ताटात. डाळीत मिसळलं की दिसत नाही. यांचं वजन उतरायचं थांबलं. पुढच्या आठवड्यात कागदावरचा भात कमी झाला. एवढासा भात बघून माझ्या जिवाला लागलं, मी चमचे दोन केले. वजन आठवडाभर उतरलं, पुन्हा थांबलं. कागद आणखी आटला. असं करत करत कागदावर सोळाशे उष्मांक उरले आणि ताटात तेवीसशे होते. गणित मला येत होतं, पण मी ते मुद्दाम करत नव्हते.

हे ताट बघत नव्हते, कागद बघत होते. ज्या माणसाला वाटतं की आपण सोळाशेवर जगतोय आणि तरी अंग हलत नाही, तो काय समजणार? एका संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाले, "लिफ्टची मोटर गेली की आवाजावरून कळतं. माझी गेली." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका." त्याहून जास्त बोलायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतरची पेटीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. हे स्वतःच ती इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतात, मुलाने विचारलं नसलं तरी. पावडरी विकणाऱ्या एका माणसाने यांना गाठलं, "काका, पन्नाशीनंतर नुसत्या डाळीवर होत नसतं" म्हणाला, आणि बाटल्या-सुयांची एक पेटी दिली. ती यांनी चार दिवस हत्यारांच्या पिशवीत ठेवली आणि पाचव्या दिवशी न उघडता परत केली. टाळ्या. ते खरंच आहे, मी साक्षीला आहे. फक्त त्या चार दिवसांत दुसरीकडे काय झालं, ते यांना माहीत नाही. यांना ते आत्ता, तुमच्याबरोबर कळणार आहे.

पक्कड शोधताना ती पेटी मला पहिल्याच दिवशी सापडली. मला आधी वाटलं, लपवलेला आजार आहे. पेटी पिशवीत घालून मी भर दुपारी इथे आले. मास्तर एकटेच होते, वजनांना तेल देत होते. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नाव वाचलं, सील बघितलं, पेटी बाजूला ठेवली. मला वाटलं आता ते यांच्याबद्दल काही बोलतील.

ते म्हणाले, "वहिनी, छोटा की मोठा?"

"काय?"

"चमचा."

मी खाली बसले. तिकडे, त्या पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर. म्हटलं, "मोठा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि गेल्या महिन्यापासून दोन-दोन?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते डबा इथे बसून खातात, त्याच्या झाकणाला तेलाचं कडं असतं. मी कागद लिहिताना वजा करत होतो." मग म्हणाले, "मी दीड धरला होता."

म्हणजे दोन महिने मी इकडून घालत होते आणि मास्तर तिकडून काढत होते. दोघंही यांच्या भल्यासाठी. दोघंही गप्प, घरात भांडण नको म्हणून. आणि मधल्या मधे एक माणूस स्वतःला मोडीत काढायला निघाला होता.

मी म्हटलं, "मी आजच सांगते यांना." मास्तर म्हणाले, "आज नको. आज त्यांचा कशावरच विश्वास नाही. निदान घरच्या ताटावर राहू दे. ही पेटी होती तिथे ठेवा. ती त्यांनी आपणहून परत केली पाहिजे." मी ठेवली. वर पक्कड ठेवली, होती तशी.

दुसऱ्या दिवशी या जागेवर, भरल्या व्यायामशाळेत, मास्तरांनी यांना बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमच्या कागदाची बेरीज माझ्याकडून चुकली. तुम्ही समजत होता त्यापेक्षा खूप जास्त खात होता. तुमच्या अंगात काही बिघाड नाही. नवा कागद घ्या." हे घरी आले ते शीळ घालत. म्हणाले, "मास्तरांची बेरीज चुकली, ऐकलंस का? एवढा मोठा माणूस, आणि साधी बेरीज." मी पोळी लाटत होते. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

काटा पुन्हा माझ्याच हातात होता. चमचा मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नाही. दहा आठवड्यांत हे पाच किलो उतरले, ठरल्या गतीने, स्नायू न गमावता. पन्नाशीपुढच्या गटात पाच जणांत चौथे आले. पाचवे जे होते ते चष्मा काढायला विसरले होते, पण चौथा तो चौथाच. लघवीची तपासणी झाली, स्वच्छ निघाली. तो दाखला मी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे. पाहुणे जवळ जाऊन वाचतात आणि मग चहा घेताना जरा गप्प असतात.

आता मी मुद्द्यावर येते. मालक खुणा करताहेत, मला दिसतंय, पाच मिनिटं कधीच झाली.

मास्तरांनी एकवीस वर्षं इथे शिकवलं. गुडघे थकले म्हणून ते आता बहिणीकडे राहायला चालले आहेत. त्यांच्या हातून एकाही मुलाला दुखापत झाली नाही. तरी आज मालकांनी भाषणात काय सांगितलं? "मास्तरांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, तीही बेरजेची." सगळे हसलात. मास्तरही हसले. दाराजवळच्या पाटीवर रोजचा व्यायाम लिहितात. रोज सकाळी पाटी पुसली जाते, उजवीकडचा खालचा कोपरा सोडून. तिथे दोन वर्षं लिहिलेलं आहे, "बेरीज तपासून घ्यावी." ज्यांना कारण माहीत नाही ती मुलंही मास्तरांना बेरीजमास्तर म्हणतात. मी डबा द्यायला यायची तेव्हा त्या कोपऱ्याकडे न बघता आत यायची. देवाला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकूनही घेतलं असेल. पण देव काही पाटी पुसायला येत नाही.

हिशेब बरोबर असावा, म्हणून सांगते. मास्तरांचीही चूक झाली. त्यांनी दोन चमच्यांच्या जागी दीड धरला. चूक अर्ध्या चमच्याची, दर वेळेला. ती त्यांची. बाकीची सगळी माझी आहे. ज्यांना माझ्या वहीत बघायचं असेल त्यांनी बघावं, ती मी आणली आहे. तेलाच्या रकान्यात त्या दोन महिन्यांत कागदावरचाच आकडा आहे. आयुष्यात मी खोटं लिहिलेलं तेवढंच.

मास्तर, तुम्ही आत्ता मान हलवून मला नको नको म्हणताय. तुम्ही सांगितलं होतं, "आज नको." त्याला दोन वर्षं झाली. उद्या तुम्ही गाडीत बसाल आणि ही पाटी इथेच राहील, म्हणून आजच बोलायला हवं होतं.

आमच्या ह्यांना मी काय म्हणू. घरी सांगता आलं असतं. पण मास्तरांनी माझी चूक चारचौघांत अंगावर घेतली, ती परतही चारचौघांतच घ्यायला हवी होती. तुम्ही आता खाली बघताय. रागावायचं असेल तर घरी रागवा, जेवण झाल्यावर. आणि एक ध्यानात ठेवा, तुमची मोटर कधीच गेली नव्हती.

मला बोलायची संधी दिली त्याबद्दल मालकांचे, अर्धा तास शांत बसलात त्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आणि एकदाही घड्याळ न बघितल्याबद्दल अध्यक्षांचे मी आभार मानते. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, आणि कमीपेक्षा जास्तच झालं असणार, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला.

शेवटची एक विनंती. पाटीच्या कोपऱ्यातलं ते अक्षर आमच्या ह्यांचं आहे, त्यातला ब मी कुठेही ओळखीन. तेव्हा ते त्यांनीच पुसावं, मास्तर इथे असेपर्यंत. कोरडं पुसू नका, दोन वर्षांचा खडू आहे, निघणार नाही. ओलं फडकं मी डब्याच्या पिशवीत आणलं आहे.

हे उठले. बरं, त्यांना जरा वाट द्या.