टाकीचं कुलूप

बन्सी: रस्ता त्या पाइपलाइनवाल्यांनी खोदला. पाणी आणतो म्हणून खोदला, बुजवला, परत खोदला. पाणी कुठं गेलं, हे त्यांना एक माणूस विचारत नाय. अन् टाकीतलं डिझेल कुठं गेलं, ते मला सगळा जालना रोड विचारतोय.

रत्नमाला: रस्त्याचं काय काढलं मधेच? मी ट्रकचं बोलतेय, बन्सीभाऊ.

बन्सी: ट्रक त्याच रस्त्यानं जातो, वहिनी. हवेतून नाय जात.

रत्नमाला: दिवाळीला हाच रस्ता होता, हीच खडी होती, हाच ट्रक होता. लिटरला चार किलोमीटर जायचा. आता तीनसुद्धा जात नाही. आणि हे एकदम झालं. हळूहळू झालं असतं तर मी म्हणले असते, गाडी म्हातारी झाली.

बन्सी: मी बी तेच म्हणतो. एकदम झालं म्हणजे गाडीला कायतरी झालंय.

रत्नमाला: किंवा ड्रायव्हरला.

लतीफ: पहले चाय बोलतो. माझ्या गॅरेजात खाली पेट भांडण नक्को.

रत्नमाला: चहा नको, लतीफभाई. तुम्ही मिस्त्री आहात, गाडी तपासा आणि सांगा. आमचे मालक नानासाहेब, लकवा मारल्यापासून घरी खाटेवर. तोंडातून शब्द फुटत नाही, पण मी दारात शिरले की डोळ्यांनी विचारतात, गाडी कुठंय. आमची एवढी एकच गाडी. उद्यापासून माझा भाचा बसेल तिच्यावर, प्रणय. आज काय निघतं ते बघायला थांबलेय, नाहीतर कालच बसला असता.

बन्सी: प्रणय चांगला पोरगा हाय. गिअर टाकताना क्लच विसरतो, तेवढंच.

लतीफ: अरे तुम्ही बोलते रहो, मी खाली जाऊन आलो. टाकी सुकी, पाइप सुका, कुठंच गळत नाय. बन्सी, ड्रमला हात लावून बघितला?

बन्सी: आल्या आल्या बघितला. समदी चाकं सारखीच कोमट हायेत. ब्रेक कुठं चिकटून राहत नाय.

लतीफ: हवा?

बन्सी: सकाळीच भरली.

लतीफ: मग नोझल. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेले असतील.

रत्नमाला: असतील? फोनवर तर तुम्ही वेगळंच सांगितलं होतं.

लतीफ: फोनवरचं जाने दो, वहिनी.

बन्सी: काय सांगितलं व्हतं?

रत्नमाला: ड्रायव्हर बदला, अ‍ॅव्हरेज आपोआप सुधरेल.

बन्सी: वा रे मिस्त्री. माझ्याच डब्यातली भाकर खाऊन.

लतीफ: अरे भाई, दस मालिक फोन करते. नऊ जणांचा ड्रायव्हरच निघतो. आदत से बोल गया.

बन्सी: अन् दहावा?

लतीफ: दहावा तू असशील. बघतोय ना मी.

रत्नमाला: तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मोनिकाच्या लग्नाला म्हणून सुट्टीवर गेलात. पोरीचं लग्न केलं, परत आलात आणि अ‍ॅव्हरेज पडलं. कुणीही तेच समजेल.

बन्सी: कुणीबी समजंल. पण सुट्टीनंतर पडलं, तर सुट्टीत काय झालं ते कुणी का बघंना? मी मांडवात व्हतो तवा गाडी कुणाकडं व्हती?

रत्नमाला: प्रणयकडं. प्रणय घरचा आहे.

बन्सी: हां. अन् मी?

रत्नमाला: मी तसं म्हणले का?

बन्सी: म्हणायला कशाला लागतं. माझा बाप सांगायचा, गावात कुणाच्या खळ्यावरचं पोतं कमी भरलं की पहिला माणूस आमच्या वस्तीत यायचा. हांडी-मडकी उलथीपालथी करून जायचा. मग पोतं त्यांच्याच माळवदावर सापडायचं. ते सांगायला मातर कुणी परत येत नव्हतं.

रत्नमाला: जात कुठं आणता मधे? केबिनमध्ये खंडोबाशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे. नानासाहेबांनी स्वतःच्या हातानं लावलाय.

बन्सी: फोटो त्यांनी लावला. कुलूप तुम्ही लावलं.

रत्नमाला: टाकीला कुलूप सगळेच लावतात. लावूनही पाइप सोडवून काढणारे काढतातच.

बन्सी: लावतात. पण किल्ली ड्रायव्हरकडं असती. माझी किल्ली तुमच्या पदराला. मला डिझेल भरायचं तर आधी तुमच्या दारात उभं राहायचं, मग तुमच्यासंगं पंपावर जायचं. नानासाहेबांसंगं म्या ही गाडी शोरूममधून आणली, वहिनी. नारळ त्यांनी फोडला, चाकाखाली लिंबू म्या ठेवलं.

लतीफ: बन्सी, ते नंतर रड. वर चढ, स्टार्टर मार. रेस दे. अजून. बस, बस. बंद कर. वहिनी, धुवाँ बघितला?

रत्नमाला: काळा आहे. जुन्या गाडीचा असतोच काळा.

लतीफ: इतका नसतो. डिझेल जातंय आत, पण जळत नाय. अर्धं असंच धुरातून वर चाललंय. बन्सी, ओढायला कशी आहे?

बन्सी: मेल्यावाणी. चढाला तिसऱ्यात जायची, आता दुसरा टाकावा लागतो. छातीवर कुणी बसल्यासारखी करती.

रत्नमाला: मग मला का नाही सांगितलं?

बन्सी: सांगितलं. तुम्ही म्हणला, बहाणे नको, डिझेल दाखव.

लतीफ: एअर क्लीनर कधी उघडला होता?

रत्नमाला: त्याला हात लावू नका. तेवढं एक काम मी नीट करून घेतलंय. धूळ आत जायचा सवालच नाही.

लतीफ: बन्सी, तू उघडला नाय?

बन्सी: दर इतवारी उघडायचो. तेल बदलायचो, जाळी धुवायचो. सुट्टीवरून आलो तर वहिनी म्हणल्या, फिल्टरचं झालंय, उघडू नको, उगं धूळ जाईल. तरी उघडला असता. पण मग कुलूप लागलं. त्या दिवसापासून म्या बॉनेट बी उघडत नाय. म्हणलं, अजून कशाला हात लावला तर अजून कायतरी गायब झालं म्हणतील.

लतीफ: पाना दे इकडं. वहिनी, जरा बाजूला व्हा, साडीला तेल लागेल. हां, झाकण निघालं. या अल्ला.

रत्नमाला: काय झालं?

लतीफ: हे काय भरलंय आत? चिखल आहे का? नाय, कापड आहे. कापड, बन्सी.

बन्सी: कापड कसं असंल? तिथं जाळी असती नुसती.

लतीफ: जाळीलाच बांधलंय. दुहेरी शिवलेलं, वर नाडा ओवून गाठ मारली. किती कसून मारली, निघत नाय. घे, हे बघ.

(लतीफ काळं, जड झालेलं फडकं चिमटीत धरून बॉनेटवर टाकतो. रत्नमाला वाकून त्याची शिवण बघते.)

रत्नमाला: ते धोतराचं आहे.

लतीफ: क्या?

रत्नमाला: नानासाहेबांच्या धोतराचं. मी शिवलंय.

बन्सी: तुम्ही?

रत्नमाला: नळाला बांधते ना मी, तसंच. नळ कधीमधी येतो, आला तर लाल गाळ येतो. दुहेरी फडकं बांधलं की गाळ वर अडतो, खाली पाणी नितळ. सगळी गल्ली बांधते. मी म्हणलं, रस्त्यावर एवढी धूळ, खडीची धूळ, गाडी दिवसभर तेच ओढते पोटात. नानासाहेबांची गाडी आहे, बंद पडून कसं चालेल. शिवलं आणि प्रणयला म्हणलं, आत बांध घट्ट.

लतीफ: घट्ट तर बांधलं पोरानं.

रत्नमाला: पण पाणी जातंच की फडक्यातून. हवा का नाही जाणार?

लतीफ: जात होती, पहले जात होती. ही वाटी बघा खाली, हिच्यात तेल असतं. धूळ तेलात पडते, वरून साफ हवा जाते. तुमच्या फडक्याचं टोक तेलात पडलं. दिव्याची वात कशी तेल पिते, तसं ते तेल वर चढलं. भिजल्या कपड्यावर धूळ बसली, धुळीवर धूळ. सारवलेली भिंत झाली, वहिनी. इंजिनाचं नाक दाबून धरलं अन् वर म्हणताय, पळ.

बन्सी: म्हणजे पोतं माळवदावर व्हतं.

लतीफ: चूप बैठ, बन्सी. मी नवीन तेल टाकतो, जाळी धुतो. स्टार्ट मार बघू आता. दे रेस. दे, दे. धुवाँ बघा, वहिनी.

रत्नमाला: दिसत नाही फारसा.

लतीफ: दिसायचाच नाय. नोझल चांगले आहेत. तुमचा खर्च वाचवला मी, ते तरी म्हणा.

बन्सी: तू वाचवला? तू तर मलाच बदलायला निघाला व्हता.

लतीफ: बोललो ना, आदत से. चल, आजची चाय माझी.

रत्नमाला: हे सगळं त्या खोदणाऱ्यांमुळं झालं. पाइप टाकतो म्हणाले, पाणी देतो म्हणाले. गाळ दिला आणि धूळ दिली. रस्ता धड असता तर मला काय हौस होती धोतर फाडायची?

बन्सी: व्हय. नळातला गाळ त्यांचा. रस्त्यावरची धूळ त्यांची. त्यात खोटं काय नाय.

रत्नमाला: मग झालं तर. ही घ्या किल्ली. प्रणयला मी सांगते काय ते. उद्या सकाळी खडी भरायला जा, नेहमीसारखे.

बन्सी: किल्ली असू द्या पदराला.

रत्नमाला: आता काय? गाडी नाही का चालवायची?

बन्सी: चालवायची ना. दुसरं काय येतं मला? पण त्या दिवशी तुम्ही पंपावर आल्या व्हत्या. चार गाड्यांचे ड्रायव्हर चहा पीत उभे. तुम्ही पंपवाल्याला मोठ्यानं विचारलं, आमचा बन्सी इथं डिझेल विकतो का. त्यानं नाय म्हणलं. पण ते कुणी ऐकलं नाय, तुमचं सगळ्यांनी ऐकलं. तवापासून मी दिसलो की एकजण कॅन वर करतो. काका, स्वस्तात असंल तर सांगा. मोनिकाचा सासरा बी त्याच लायनीत गाडी चालवतो.

रत्नमाला: त्याला कळलं?

बन्सी: तो काय बोलला नाय. पोरीला एकदा विचारलं त्यानं, तुझ्या बापाचं काय चाललंय म्हणून. तिनं मला फोन केला. पोरीला काय सांगू, वहिनी?

रत्नमाला: बरं, चला घरी. नानासाहेबांसमोर म्हणते, माझी चूक झाली.

बन्सी: नानासाहेबांना मी ठाऊक हाय. त्यांनी डिझेलचं विचारलंच नव्हतं.

रत्नमाला: मग काय बाईमाणसानं पंपावर उभं राहून माफी मागू? त्या टपोऱ्यांसमोर?

बन्सी: माफी नको. पोतं घरात सापडलं, एवढं म्हणा. विचारलं तेवढ्याच मोठ्यानं.

रत्नमाला: मलाच का धरता? ज्यांनी रस्ता खोदला त्यांना जाऊन विचारा की असं.

बन्सी: विचारलं असतं. पण ते कधी समोर येत नाहीत, वहिनी. आले तरी दुसऱ्याकडं बोट दाखवतात. तुम्ही समोर हायत. जालना रोडनं तुम्हाला घरी सोडायला गेलो की पंप वाटेतच लागतो. गाडी तिथं थांबवू का नको, तेवढं सांगा.