उपाशीपोटी

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात नव्यानं लागलेली गौतमी इस्पितळात रक्त तपासायला टोकन घेऊन बसली होती. मागच्या बाकावर चक्क मराठी ऐकू आलं, तमिळ हेल काढलेलं, तंजावरकडचं. तिनं मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच लावले.

"मालोजी, रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही, अक्का."

"प्यालास?"

"पाणी."

"नुसतं?"

"त्यात थोडं डिकॉक्शन होतं."

"अय्यो! दूध? साखर?"

"त्याशिवाय कॉफी कशी होणार?"

"लहानपणीही हेच. कॉफीच्या फिल्टरमधून डिकॉक्शन थेंब थेंब पडायचं, तर तू वरून चमच्यानं दाबायचास. आई ओरडायची, थांब रे जरा."

"तू थांबायचीस. तोवर मी पिऊन खेळायला पळायचो."

"आता पळ की. वर यायला लिफ्ट लागली तुला."

"तू जिना चढलीस, ते काय कॉफीला थांबलीस म्हणून?"

"ते मला नाही ठाऊक. रक्तातली साखर उतरल्याशिवाय पायाच्या बोटाचं ऑपरेशन नाही म्हणाले ना डॉक्टर? आजची खेप फुकट गेली."

"उद्या येऊ."

"येऊ. पण तुझा फिल्टर आज मी माझ्या घरी नेते."

"तेवढं नको, अक्का. फिल्टरला हात लावायचा नाही."

तेवढ्यात नर्सनं त्यांचं टोकन पुकारलं आणि गौतमीलाही कळेल अशा सोप्या तमिळमध्ये अक्काला विचारलं,

"अम्मा, तुमचे वडील उपाशीपोटी आहेत ना?"

"वडील नव्हेत, बाई. माझ्या पाठचा भाऊ."



"अक्का."

"काय रे?"

"फिल्टर ने."