हे मला कुणाकडून मिळालं

माझा जन्म कोल्हापूरचा, आणि आमचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, लग्नाच्या बँडमध्ये, लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर टोपी, आणि एवढं एक वाक्य तोंडातनं काढायला मला सत्तावीस वर्षं लागली बघा. आता सहज सांगते.

घरी एक जुनं व्हायोलिन होतं, वडलांच्या मास्तरांनी दिलेलं, आणि ते मास्तर म्हणे संस्थानच्या बँडमध्ये गोऱ्या साहेबाच्या हाताखाली शिकलेले. वडलांनी मला शिकवलं ते दार लावून. का, तर लोक म्हणतील आता पोरीलाही वरातीत उभी करणार हा. जमिनीवर मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं, ते क्लॅरिनेटवर एक ओळ वाजवणार, मी ती परत वाजवायची, लिहून काही नाही. बोटांकडं बघू नको म्हणायचे, माणसांच्या पायांकडं बघ, पाय अडखळले की समज आपलं चुकलं.

माझं लग्न मामानं जमवलं. मुलगा पुण्याचा, इंजिनियर, लंडनला निघालेला. मामानं तिकडं ठोकून दिलं की मुलीचे वडील शाळेत संगीत शिकवतात. वडलांना विचारलं तर म्हणाले, पोरीचं भलं होतंय ना, मग सांगा काय सांगायचं ते. आणि वरातीला बँड कुठला यावा, तर त्यांचाच. त्या तिथीला दुसरा मिळेचना. वडलांनी सगळ्या सोबत्यांना आधीच सांगून ठेवलं, ओळख दाखवायची नाही. त्यांच्या जागी कुठला तरी परका क्लॅरिनेटवाला उभा, आणि वडील पांढऱ्या सदऱ्यात, पाहुण्यांच्या घोळक्यात, हात जोडून. मी गाडीतनं बघत होते. जोडलेल्या हातात त्यांची बोटं हलत होती, सुरावर. मी काही बोलले नाही. त्याचा राग मला अजून येतो, दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

मग लंडनात हॅरो. शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी लागले, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण करून वाढायचं, कस्टर्ड ढवळण्यात वर्षं गेली, मुलगी मोठी होऊन कार्डिफला हॉस्पिटलात कामाला लागली. वडील कोल्हापुरातच वारले. चुलतभाऊ एकदा इकडं आला तो त्यांचं व्हायोलिन घेऊन आला, ते मी बेडखाली सरकवलं.

आता आमच्या नीलावहिनी. इथल्या मराठी मंडळात गाणं बसवणाऱ्या, स्वभावानं चांगल्या, पण कुणाशी ओळख करून देताना हमखास म्हणणार, हिचे वडील संगीत शिक्षक होते बरं का. मी हसायची, आणि विषय बदलायची. त्यांनीच लायब्ररीतनं तो कागद आणला, ईलिंगला चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी वर्कशॉप, स्कॉटलंडचं आणि नॉर्वेकडचं लोकसंगीत, आठ शनिवार, वाद्य आणा, नोटेशन आणू नका. म्हणाल्या, चल गं, मी पेटी घेते, तू ते व्हायोलिन काढ.

शिकवायला दोघं. आयला म्हणून स्कॉटलंडची बाई, चाळिशीची, तोंडाळ, आणि नॉर्वेचा आर्ने, म्हातारा, त्याच्या फिडलला, म्हणजे तिकडच्या व्हायोलिनला, खाली आणखी तारा, आपल्या सारंगीला तरफा असतात तशा, वर वाजवलं की खालच्या आपोआप बोलायच्या. मी भीतभीत विचारलं, मी खाली बसून वाजवू का. आयला म्हणाली, तू डोक्यावर उभी राहून वाजव, पाय तेवढा आपटत राहा. आणि शिकवणं तेच हो, एक ओळ ते वाजवणार, एक ओळ आम्ही. दार तेवढं उघडं.

पण त्यांच्यात एक रीत होती. धून वाजवायच्या आधी सांगायचं, ही मला कुणाकडून मिळाली. पुस्तकातनं घेतली हे चालत नाही, माणूस पाहिजे. आर्ने म्हणायचा, ही माझ्या काकाकडून, तो मासे खारवायचा, दारू प्यायचा आणि फार सुंदर वाजवायचा. एवढं सांगून मगच गज उचलणार. पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं, तुम्ही कुणाकडून शिकलात. नीलावहिनींनी पुण्याचे गुरू सांगितले आणि माझंही त्यांनीच सांगून टाकलं, संगीत शिक्षकांची मुलगी. मी मान हलवली.

पाचव्या शनिवारी आयलानं एक मार्च धरला. पहिली ओळ वाजली आणि काय सांगू तुम्हाला. ही आमच्या वरातीतली धून! नवरा मुलगा मांडवाच्या दाराशी आला की वडील हीच वाजवायचे, त्यांच्या मास्तरांनी त्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. आयलानं पुढची ओळ शिकवायच्या आधीच माझी बोटं पुढं गेली, सगळी धून वाजवून मोकळी झाली. आयला म्हणाली, शेवटाला तू जो वळसा घेतलास तो इकडं आता कुणी घेत नाही, माझे आजोबा घ्यायचे, तुला कुणी दिला. मी म्हटलं, रेडिओवर ऐकलं. ती म्हणाली, रेडिओत पण कुणीतरी माणूसच वाजवत असतो, आठव, शेवटच्या शनिवारी घरची मंडळी येणार आहेत, तेव्हा हीच वाजव आणि नाव सांग.

पुढचे तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. नीलावहिनींनी आमच्या ह्यांना परस्पर आमंत्रण देऊन टाकलेलं. रात्री हे घोरायचे आणि मी मनात दोन वाक्यं तयार करायची, एक खरं, एक खोटं. खोटं बोलणं सोपं होतं, फक्त मास्तरांचं नाव घ्यायचं, गोऱ्या साहेबापाशी शिकलेले, ऐकायलाही भारी. कामावर कस्टर्ड दोनदा करपवलं.

तो दिवस आला. हे दुसऱ्या रांगेत, शेजारी नीलावहिनी. माझ्या आधी आर्ने वाजवून गेला, परत काका, परत दारू, लोक हसले. मी सतरंजीवर बसले, व्हायोलिन घोट्यावर टेकवलं. आयला म्हणाली, कुणाकडून. मी ह्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या बुटांकडं बघितलं, आणि इंग्लिशमध्ये बोलून गेले, माझ्या वडलांकडून, ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, रस्त्यावर, लाल कोट घालून, ते शिक्षक नव्हते, माझ्या लग्नात त्यांना स्वतःचाच बँड परका करावा लागला. मग वाजवलं. नीलावहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. हॉलमधले सगळे पाय हलत होते. ह्यांचे नव्हते.

बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून बसले. हॅरो जवळ आल्यावर म्हणाले, म्हणजे ते घोळक्यात उभे होते आणि आम्ही नाचत होतो. मी म्हटलं, हो. म्हणाले, मला तरी सांगायचंस. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात नुसता टीव्ही बोलत होता. मग एका रविवारी हे पुण्याला भावाशी फोनवर होते, मी पोळ्या लाटत होते, आणि ह्यांचा आवाज आला, नाही रे, शिक्षक नव्हते, क्लॅरिनेट वाजवायचे, उत्तम वाजवायचे म्हणे. माझं लाटणं हातातच राहिलं.

नीलावहिनी भेटतात, बोलतात, पण ओळख करून देताना आता नुसतं माझं नाव सांगतात. असू दे. त्यांच्यामुळंच ते व्हायोलिन बेडखालनं निघालं, त्यांचं चांगलं होवो. वाईट एवढंच वाटतं की ऐकायला वडील नव्हते. जोडलेले हात सोडा आता, एवढं सांगायचं होतं त्यांना.

तुम्ही हे लिहून घेताय तर एक करा. माझं नाव घाला, नाहीतर नका घालू. त्यांचं मात्र घाला. यशवंत धोंडी, कोल्हापूर, क्लॅरिनेट. संगीत शिक्षक लिहू नका.