मंगळवारची प्रत

आयसीयूबाहेरच्या बाकावर नम्रता रिपोर्टची वाट बघत होती. शेजारी पितळी समया विकणारे एक वयस्कर दुकानदार आणि त्यांची वेबसाइट सांभाळणारा तरुण बोलत होते, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"काका, साइटवर समयांच्या जागी बुटांच्या जाहिराती होत्या. कुणीतरी आत शिरलं होतं."

"कुलूप नव्हतं?"

"होतं, पण जुनं. अपडेट करू या म्हणून किती मागे लागलो होतो."

"चालतंय त्याला हात कशाला लावायचा, म्हटलं. मग?"

"पासवर्ड बदलले, अपडेट केलं आणि मंगळवारची साइट परत आणली."

"मंगळवार परत आणलास?"

"फक्त साइटचा. रोज रात्री तिची एक प्रत वेगळी ठेवतो आपण."

"सगळं तसंच आलं?"

"जसंच्या तसं. काकूंनी लिहिलेलं 'एक ते चार फोन करू नये'सुद्धा."

काका आयसीयूच्या दाराकडे बघत राहिले.

"मंगळवारी कुसुम दुकानात होती रे. बुधवारी पडली."

"आज कशा आहेत?"

"सकाळी डोळे उघडले. दुकान उघडलंत का, म्हणाली."

"वा, काका."

"आजची प्रत ठेवशील ना?"

"ठेवतो. पण आज साइटवर काहीच बदललं नाही."

"नसू दे. आजचा दिवस ठेव."