आईने चढलेली आस्वानची खाण

आखातात करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बिघडलीय का, असं मला गेल्या वर्षी सगळे विचारायचे. लिफ्ट ठीक होती, पण माझी आई रोज चार मजले पायी चढायची.

टीव्हीवर तिनं इजिप्तमधली आस्वानची जुनी दगडाची खाण पाहिली होती. तिथं राजांचे अवाढव्य पुतळे कोरायचे. "मला तिथं जायचंय," ती म्हणाली.

"आई, तुझे गुडघे! तिथं चढण आहे."

"मग चढायची सवय करते."

वॉचमन म्हणायचा, "अम्माजी, लिफ्ट चालू है." आई म्हणायची, "मालूम है," आणि चढायला लागायची.

तीन महिन्यांनी आम्ही आस्वानला गेलो. खाणीपाशी गाईडनं तिला सावलीतली खुर्ची दाखवली. "ममा, यू सिट हिअर."

आई बसली नाही. कठडा धरून, दर दहा पायऱ्यांना दम घेत ती वर पोचलीच. तिथं एक अर्धवट पुतळा खडकातच आडवा होता. गाईड म्हणाला, "कारागिरांकडून चूक झाली, दगडाला तडा गेला, म्हणून सोडून दिला."

आईनं खाली बसून घावांवरून हात फिरवला. तिचे वडील पाथरवट होते. दगड फुटला की ते त्या दिवशी जेवायचे नाहीत.

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "घाव एकसारखे आहेत. दगडच आतून कच्चा होता. कारागिराला बोल लावू नकोस."

मी सांगितलं. गाईड पुढच्या ग्रुपकडे वळला.

आम्ही उतरत होतो, तेव्हा वरून पुढच्या ग्रुपला सांगणारा त्याचा खणखणीत आवाज आला, "नो मिस्टेक ऑफ वर्कर! मिस्टेक ऑफ स्टोन!"